बरोबर मारला, तरी आउट का? बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधलं टायमिंग आणि नशीब

विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की आपण क्रिकेटवाले, तुम्ही बेसबॉल कुठे काढलात? कारण घरचंच आहे. माझा भाचा बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळतो. एका संध्याकाळी त्याने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. "मामा, हा गेम चीटिंग करतोय!" मी बघितलं, तर पडद्यावर लिहून आलेलं: टायमिंग अचूक, चेंडू बॅटच्या मधोमध. आणि चेंडू थेट फिल्डरच्या हातात. असं लागोपाठ तीनदा झालं होतं. गेमचं नाव घेत नाही, कारण ही तक्रार या जातीच्या बहुतेक गेमबद्दल होते.

मला आधी वाटलं, पोरगं हरलंय म्हणून चिडलंय. मग हिशेब मांडून बघितला. तो तुमच्यासमोर मांडतो.

बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पा नसतो. पिचरची पट्टी ते होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. पण पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे उरतात साधारण १७ मीटर. चांगला फास्टबॉल ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने येतो. भागाकार केला, की उत्तर येतं ०.४ सेकंद. गेम सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम दाखवतो असं धरू. तर चेंडू सुटल्यापासून पोचेपर्यंत तुम्हाला मिळतात २४ फ्रेम.

आता खरी गंमत पुढे आहे. क्रिकेटमध्ये चेंडू मागे, बाजूला, कुठेही गेला तरी चालतो. बेसबॉलमध्ये समोरच्या ९० अंशांतच गेला पाहिजे, नाहीतर फाऊल. बॅट इतक्या वेगाने फिरत असते, की सेकंदाचा साधारण शंभरावा भाग आधी लागली तर चेंडू एका बाजूने बाहेर, तेवढाच उशीर झाला तर दुसऱ्या बाजूने बाहेर. म्हणजे मधली जागा सेकंदाचा पन्नासावा भाग. आणि एक फ्रेम किती? साठावा भाग. म्हणजे खऱ्या बॅटरच्या हातात जी वेळ असते, ती गेमच्या भाषेत जेमतेम सव्वा फ्रेम!

एवढ्याशा फटीत बटण दाबून कोणीही खेळू शकणार नाही. म्हणून गेम बनवणारे ती फट ताणून मोठी करतात. हे त्यांना करावंच लागतं, त्यात लबाडी नाही. पण फट ताणल्यावर प्रश्न येतो, की त्या रुंद जागेत बटण दाबलेल्यांपैकी कोणाला हिट द्यायची आणि कोणाला नाही? तिथे गेम बॅटरचं रेटिंग बघतो, पिचरचं रेटिंग बघतो, आणि थोडे फासे टाकतो. हे फासे दिसत नाहीत. पडद्यावर फक्त 'अचूक' असं येतं आणि तुम्ही आउट होता.

फाशांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, कारण खरा बेसबॉलही असाच आहे. होमरन सोडून जे चेंडू मैदानात मारले जातात, त्यांतले १० पैकी साधारण ७ आउटच होतात. जमिनीला समांतर, सणसणीत मारलेल्या चेंडूंपैकीसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश कोणाच्या तरी हातात जातात. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी काढली. म्हणजे मोजलेल्या १० खेपांत ४ हिट. त्यानंतर अमेरिकन लीगमध्ये पूर्ण हंगामात .४०० कोणीही गाठलेली नाही.

पण १९६१ मध्ये हाल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा पत्त्यांचा आणि फाशांचा बेसबॉल काढला. एक फासा ठरवतो, की बॅटरचं कार्ड वाचायचं की पिचरचं. बाकी दोन फाशांची बेरीज ठरवते, की त्या कार्डावरचा कोणता निकाल. तिथे हरलेला माणूस नशिबाला शिव्या घालतो, पण गेमला चोर म्हणत नाही. कारण फासे टेबलावर पडलेले असतात, दोघांनी पाहिलेले असतात. माझ्या मते सगळं भांडण इथे आहे. भाच्याला नशीब नको होतं असं नाही, ते त्याला दाखवलं गेलं नव्हतं.

दुसरी भानगड आपल्या घरातच असते. टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा दहावा भाग सहज जाऊ शकतो. म्हणजे २४ पैकी ६ फ्रेम तुमच्यापर्यंत पोचेपर्यंतच संपल्या. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, फरक लगेच कळेल. ऑनलाइन खेळताना नेटचा उशीर वर आणखी.

मग सुधारणा काय सुचवायच्या? पहिली सोपी आहे. गाण्याच्या तालावर बटण दाबायचे गेम असतात ना, त्यांतल्या पुष्कळांत सुरुवातीला ठोक्यावर बटण दाबायला लावून तुमच्या टीव्हीचा उशीर मोजून घेतात. बेसबॉलच्या गेमनेही हेच करावं. दुसरी, फटक्यानंतर नुसतं 'अचूक' न म्हणता हिशेब दाखवावा: टायमिंग असं होतं, चेंडू इतक्या वेगाने, इतक्या कोनात गेला, अशा फटक्याला १०० पैकी ६८ वेळा हिट मिळते, आज मिळाली नाही. मेजर लीगच्या मैदानांवर २०१५ पासून 'स्टॅटकास्ट' ही मोजणी आहेच. काही गेम यातलं थोडंफार दाखवतात, पण शेवटची ओळ, म्हणजे शक्यता, ती गाळतात. नेमकी तीच हवी.

तिसरी फिल्डिंगबद्दल. तुम्ही थ्रोचं बटण दाबता आणि फिल्डर मात्र आरामात वाकतो, वळतो, पावलं टाकतो, मग फेकतो. तोवर रनर सेफ. याचं कारण असं, की खऱ्या खेळाडूच्या हालचाली टिपून त्यांच्या फिती केलेल्या असतात, आणि एक फीत सुरू झाली की ती संपेपर्यंत गेम पुढचं ऐकत नाही. फीत मध्येच तोडायची मुभा द्या, घाईचा थ्रो वाकडा जाण्याचा धोका वाढवा. धोका माझा, निर्णय माझा. मग चूक झाली तर मी स्वतःवर चिडेन.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: हरणाऱ्याला गेम मुद्दाम मदत करतो, हे खरं का? गाड्यांच्या शर्यतींच्या गेममध्ये असं केलेलं असतं, मागे पडलेल्याला पुढे आणतात, हे सर्वांना माहीत आहे. बेसबॉलच्या एखाद्या गेममध्ये ते आहे का, हे नुसतं खेळून सांगता येत नाही. मोजावं लागतं. आणि थोडं मोजून भागत नाही. समजा अचूक फटक्याला खरोखर तीनांत दोनदा हिट मिळते. तर ३० फटक्यांत २० हिट अपेक्षित, पण १५ मिळाल्या काय आणि २५ मिळाल्या काय, दोन्ही निव्वळ नशिबाने होऊ शकतं. निदान काही शे फटके लिहून ठेवा. आघाडीवर असतानाचे वेगळ्या पानावर, पिछाडीवर असतानाचे वेगळ्या. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. भाच्याला मी वही आणून दिली आहे. सध्या त्यात ४२ फटके आहेत, आणि पिछाडीचं पान बरंच जास्त भरलंय.