बर्फावरचे गुण आणि आपली वक्तृत्व स्पर्धा

धामनोदला बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, नाहीतर गोळेवाल्याकडे. त्यावरून पायात पाती लावून कुणी सरकेल, ही कल्पनाच निमाडच्या माणसाला गार करणारी! तरी फिगर स्केटिंग आपण सगळ्यांनी टीव्हीवर किंवा मोबाईलवर कधीतरी पाहिलेलं असतं. संगीत चालू आहे, मुलगी गिरक्या घेते, हवेत उडी मारते, एका पायावर उतरते, आणि थोड्या वेळाने पडद्यावर आकडे येतात. हे आकडे येतात कुठून?

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण ते घड्याळ सांगतं, लांब उडीत फीत सांगते. स्केटिंगमध्ये, आणि आपल्या वक्तृत्व, काव्यवाचन, एकांकिका स्पर्धांतही, ते माणसांनाच ठरवावं लागतं. म्हणजे अडचण दोघांची एकच. ती सोडवायला स्केटिंगवाल्यांनी जी युक्ती काढली, ती आपल्या कामाची आहे.

आपल्या देशात हा खेळ थोडा, पण आहे. शिमल्याला १९२० पासून उघड्यावरचं नैसर्गिक बर्फाचं रिंक आहे, गुरुग्रामला मॉलमध्ये आहे, देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं आहे. बर्फ नसेल तिथे चाकं! २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा यांनी चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिलं.

आता नवशिक्यांच्या स्पर्धेबद्दल. अमेरिकेत शिकाऊ मुलांच्या स्पर्धा ज्या पद्धतीने घेतात, ती बघू. मुलांचे गट वयाप्रमाणे आणि पातळीप्रमाणे पाडतात. अगदी पहिल्या पातळीला काय करायचं? दोन्ही पायांवर सरळ सरकणं, सरकता सरकता गुडघे वाकवून खाली बसणं, बर्फ खरवडून थांबणं, एवढंच. सादरीकरण साधारण एका मिनिटाचं. त्यात एखाद्या हौशी पोराने वरच्या पातळीची उडी मारून दाखवली, तर गुण वाढत नाहीत, उलट कापले जातात. शिकवलं तेवढं नीट करा, असा हिशोब.

गुण देतात सहापैकी. या मापाचा मूळ अर्थ असा: ० म्हणजे सादरच केलं नाही, १ फार वाईट, २ वाईट, ३ बेताचं, ४ चांगलं, ५ उत्तम, ६ निर्दोष. गंमत इथे सुरू होते. हेच माप एकेकाळी जागतिक विजेत्यांना लावत असत, म्हणून शिकाऊ मुलाला २ च्या आसपास गुण मिळणं अगदी साहजिक आहे. पण घरी ते कोण समजावणार? आई-बाबा ‘सहापैकी २.४’ वाचतात, मनात टक्केवारी काढतात, आणि सात वर्षांच्या पोरीचं तोंड एवढंसं होतं.

खरी गोष्ट अशी की तो २.४ हा आकडा तिच्या कामाची किंमत नसतोच. त्याचा उपयोग एकच: त्या परीक्षकाच्या मनातला क्रम लावणं. पहिल्याच मुलीला परीक्षक मुद्दाम हात राखून गुण देतो, कारण पुढे कोण येणार हे त्याला ठाऊक नसतं, वर जागा ठेवावी लागते. नंतर आकडे फेकून देतात आणि फक्त क्रम ठेवतात.

उदाहरण घेऊ. पाच परीक्षक, तीन मुली: क, ख आणि ग.

पहिला परीक्षक: क २.६, ख २.५, ग २.३
दुसरा: क २.४, ख २.३, ग २.१
तिसरा: क २.७, ख २.६, ग २.४
चौथा: ख २.९, ग २.५, क २.४
पाचवा: ख २.८, क २.२, ग २.१

आपण काय करू? बेरीज. ‘ख’ची होते १३.१, ‘क’ची १२.३. म्हणजे ‘ख’ पहिली. पण इथे निकाल उलटा लागतो. पाचपैकी तिघांनी ‘क’ला पहिली ठरवलं आहे, तिघं म्हणजे बहुमत, म्हणून ‘क’ पहिली! चौथ्या आणि पाचव्याने ‘ख’ला भरभरून दिलं, पण त्यांचं मतही प्रत्येकी एकच.

कुणालाच पहिल्या क्रमांकाचं बहुमत नसेल, तर ‘दुसरा किंवा त्याहून वरचा’ क्रमांक जास्तीत जास्त परीक्षकांनी कुणाला दिला ते पाहतात. तिथेही बरोबरी झाली, तरच क्रमांकांची बेरीज. परीक्षकांची संख्या विषम ठेवतात, ती यासाठीच.

ही पद्धत निर्दोष आहे का? नाही. एक विचित्रपणा असा की नंतर आलेला स्पर्धक आधीच्या दोघांची अदलाबदल करू शकतो. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत १४ वर्षांची मिशेल क्वान उतरली तेव्हा निकोल बोबेक दुसरी होती आणि सूर्या बोनाली तिसरी. क्वान स्वतः चौथी आली, पण तिच्यामुळे परीक्षकांचे क्रम असे हलले की बोनाली दुसरी झाली आणि बोबेक तिसरी. प्रेक्षकांना हे कसं पटणार?

दुसरा दोष गंभीर. बहुमत काठावरचं असेल, तर एका माणसाला फिरवणं पुरेसं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडीच्या स्पर्धेचा निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला, एका परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण गाजलं, आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने सहा गुणांची पद्धत सोडली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली किंमत असते, ती किती नीट केली यावर परीक्षक उणे ५ ते अधिक ५ देतात, आणि मोठ्या स्पर्धेत सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा वगळून सरासरी काढतात. म्हणजे पद्धत बदलली, पण एकट्या माणसाच्या हातात निकाल जाऊ नये हा हेतू तोच. लहान मुलांच्या स्पर्धांत मात्र जुनी पद्धत टिकून आहे, कारण कागद-पेन्सिल आणि तीन जाणकार माणसं असली की भागतं.

आता आपल्या स्पर्धांकडे वळू. एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेचा गुणतक्ता मी पाहिला. दोन परीक्षक सर्वांना ६८ ते ७४ च्या दरम्यान गुण देत होते, तिसरे ४५ ते ९०. तिघांच्या गुणांची बेरीज झाली. निकाल कुणी लावला? तिसऱ्यांनी, एकट्याने! त्यांनी लबाडी केली असं बिलकुल नाही. त्यांचा हात सढळ आणि आखडता दोन्ही होता, इतकंच. पण पहिल्या दोघांनी ज्या मुलीला पहिली ठरवलं होतं ती उत्तेजनार्थवर गेली, आणि त्या वर्षानंतर ती पुन्हा माईकसमोर उभी राहिली नाही.

म्हणून मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. यंदा परीक्षकांनी गुण आपल्यापुरते द्यावेत, पण आमच्या हाती फक्त क्रम द्यावा: पहिला, दुसरा, तिसरा, असा शेवटपर्यंत. तिघांपैकी दोघांनी ज्याला पहिलं ठरवलं तो पहिला. तिघांची तीन वेगळी नावं आली, तर दुसऱ्या क्रमांकापर्यंत कुणाला जास्त पसंती ते पाहावं. विद्यार्थ्यांना आकडा सांगूच नये. त्याऐवजी प्रत्येक परीक्षकाने प्रत्येकासाठी दोन ओळी लिहाव्यात: काय जमलं, आणि पुढच्या वेळी काय करायचं. स्पर्धक वीसच्या वर असले तर आधी प्राथमिक फेरी घ्यावी, म्हणजे क्रम लावताना परीक्षकांची दमछाक होणार नाही.

यात खर्च शून्य आहे. आणि निकाल ऐकताना मागच्या बाकावरून ‘सेटिंग आहे रे’ असा आवाज आलाच, तर तिन्ही परीक्षकांचे क्रम फळ्यावर लिहून दाखवता येतील. ज्याला शंका असेल त्याने स्वतः मोजून पाहावं.