भरतीचा एक तास

व्हँकुव्हरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा वेस्ट कोस्ट ट्रेलचा बेत आखला आणि तो कागद माझ्याकडे तपासणीस पाठविला. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ही ७५ किलोमीटरची पायवाट. शंभराहून अधिक शिड्या, चिखल, पाठीवर सारा संसार. कोणी जायबंदी झाल्यास मदत पोहोचण्यास एक दिवसही लागू शकतो. १९०६ मध्ये ‘व्हॅलेन्सिया’ ही आगबोट येथील खडकांवर फुटून शंभराहून अधिक जीव गेले. त्यानंतर तारायंत्राची जुनी वाट सुधारून ती जहाजफुटीतून वाचलेल्यांसाठी सिद्ध करण्यात आली.

शिधा त्याने तोळ्यामाशाने मोजला होता : खाखरे, भाजके पोहे, मूगडाळ, सुकामेवा. (व्यापाऱ्याचेच रक्त ते!) मात्र जेथे बहुतेक जण सहा ते आठ दिवस घेतात, तेथे याने पाचच धरले होते.

खरी चूक पुढेच होती. ओवेन पॉइंट हे टोक पाणी १.८ मीटरच्या खाली असतानाच किनाऱ्याने ओलांडता येते. त्याच्याजवळील कोष्टक प्रमाणवेळेतले; तेथील घड्याळे त्याहून एक तास पुढे आहेत. तो तास मिळविणे राहून गेले होते. कर्जप्रकरणे तपासतानाही मला बेरीज क्वचितच चुकलेली आढळे. चुकत असे ती तारीख.

“मामा, दिवस वाढवला की ओझे वाढते,” तो फोनवर कुरकुरला.

“वाढू दे,” मी म्हणालो.

आता बेत सात दिवसांचा आहे. ताई आणखी खाखरे करीत आहे.