कायद्याच्या दारातली रांग

उन्हाळा आला की आमच्या युनियनच्या कचेरीत पगारवाढीच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो. एखाद्या कामगाराची मुलगी निकालाचा कागद पुढे ठेवते आणि विचारते, "काका, एवढ्यावर कायद्याच्या चांगल्या कॉलेजात नंबर लागेल का?" आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. पण कायदा न कळल्याने गरिबाचे काय हाल होतात ते उभा जन्म पाहिले. म्हणून हा हिशेब आम्ही शिकून घेतला.

प्रवेश म्हणजे रांग. पुढे माणसे किती आणि खिडकीत तिकिटे किती, एवढेच तेथे पाहावयाचे. 'नव्वद पर्सेंटाइल' ऐकताच घरोघर पेढे वाटले जातात. पण ते शेकडा नव्वद गुण नव्हेत. शंभरांतले सुमारे नव्वद जण तुमच्या मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ. समजा, परीक्षेला ५०,००० बसले. मग ५,००० तुमच्या पुढे उभे आहेत!

शिवाय रांगा अनेक आहेत. बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी २००८ पासून 'क्लॅट' ही सामायिक परीक्षा आहे. बारावीनंतरच्या प्रवेशाला तिच्यात १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. दिल्लीचे विद्यापीठ आपली परीक्षा वेगळी घेते. महाराष्ट्राची सीईटी निराळी. तीत चुकीला दंड नाही. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय, पुण्याचे आय. एल. एस. यांची वाट तिच्यातून जाते. प्रत्येक रांगेत पुन्हा प्रवर्गाच्या आणि राज्यातील रहिवाशांच्या जागा वेगळ्या. तेव्हा शेजारच्या मुलाचा आकडा आपल्याला लावू नये.

मग अंदाज कसा बांधावा? गेल्या दोन-तीन वर्षांत, आपल्याच प्रवर्गात, शेवटच्या फेरीत कोणत्या क्रमांकावर दार बंद झाले ते पाहावे. गुणांची तुलना करू नये. पेपर सोपा निघाला की सर्वांचेच गुण चढतात. आपला क्रमांक त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे असेल तर भरवसा धरावा, रेषेवर असेल तर दोन्ही तयारी ठेवावी, फार पलीकडे असेल तर आशेला एकच ओळ द्यावी.

पसंतीचा अर्ज भरताना मनातले कॉलेज वर लिहावे, पण शेवटी खात्रीची दोन नावे असलीच पाहिजेत. फीही आधी विचारावी. राष्ट्रीय विद्यापीठांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला परीक्षेपूर्वीच काढावा.

हे आम्ही चुकून शिकलो. एका सफाई कामगाराच्या हुशार मुलीने तीनच मोठी नावे भरली. "हिंमत ठेव," म्हणून आम्हीच पाठ थोपटली. एकाही फेरीत तिचा नंबर लागला नाही आणि वर्ष गेले. चौथे नाव सुचवणे आमचे काम होते. पुढल्या वर्षी तिने सात नावे भरली. पाचव्या कॉलेजात आज ती शिकते आहे.

संप पुकारण्याआधी आम्ही गेटावर हात मोजतो. हात मोजणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीतही तसेच मोजावे, आणि मग खुशाल रांगेत उभे राहावे.