दुकानाची जमीन : जुने आच्छादन काढण्याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी

धान्याच्या व्यापाऱ्याने जमिनीविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु आमचा सारा व्यवहार शेवटी जमिनीवरच चालतो. पोते तिच्यावर उतरते, माप तिच्यावर होते, हमाल तिच्यावरून चालतो आणि रात्री माल तिच्याच भरवशावर ठेवून आपण कुलूप लावतो. तथापि गल्ल्याकडे आपले जितके लक्ष असते, त्याच्या शतांशानेही ते पायाखाली नसते. आमचेही नव्हते. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हा लेख.

दुर्गदबैलातील जुन्या पेढ्यांच्या जमिनींचा इतिहास बहुतेक एकसारखाच आहे. प्रथम शेणाने सारवलेली जमीन होती. पुढे शहाबादी आली, कोठे तांबड्या रंगाची गुळगुळीत सिमेंटची जमीन आली, तर कोठे नुसते काँक्रीट. त्यानंतर स्वस्त, सुबक व एका दिवसात काम उरकणारे असे गुंडाळीचे आच्छादन बाजारात आले. लोक त्यास सरसकट ‘लिनोलियम’ म्हणतात. परंतु खरे लिनोलियम निराळे. इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टन याने 1860 नंतरच्या दशकात ते प्रचारात आणले. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाच्या झाडाच्या सालीची पूड मिसळावयाची व तो लगदा तागाच्या कापडावर थापावयाचा, अशी ती कृती होती. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ व तेलाला ‘ओलेउम’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे जवस आणि ताग हे आपल्याच बाजारातील दोन जिन्नस होत! हल्ली मात्र दुकानांतून दिसते ते बहुधा पीव्हीसी नामक कृत्रिम द्रव्याचे आच्छादन असते. ते गोंदाने काँक्रीटला चिकटवितात आणि खरी अडचण त्या गोंदाचीच असते.

आमच्या पेढीत असे आच्छादन होते. घाऊक व्यापार अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात गेला, तरी दुर्गदबैलातील पेढी व मागील लहान वखार आम्ही ठेवली आहे. सन 2011 च्या दिवाळीपूर्वी जुने आच्छादन फाटके दिसू लागले. पूजनाला चार लोक येणार, वेळ थोडा. म्हणून सुटलेले तेवढे तुकडे ओढून काढले, बाकीच्यावरच नवा गोंद फासला आणि नवे आच्छादन पसरले. दिवाळी साजरी झाली. पुढील आषाढात त्याच्या कडा उचलल्या. दाराशी वर आलेल्या एका कडेत आमच्या पेढीवरील जुन्या हमालाचा पाय अडकला. पाठीवर पन्नास किलोचे पोते होते. तो पुढे पडला व उजवे मनगट मोडले. औषधोपचार व तीन महिन्यांची मजुरी आम्ही दिली. परंतु ते मनगट पूर्ववत् झाले नाही. दोष गवंड्याचा नव्हता, आच्छादनाचाही नव्हता. घाई आमची होती.

असे का झाले, हे आम्ही पुढे जाणत्यांस विचारून समजून घेतले. काँक्रीट वरून दगडासारखे दिसले तरी ते सच्छिद्र असते. खालील मातीतील ओल त्या सूक्ष्म छिद्रांतून वाफरूपाने सतत वर येत राहते. जमीन उघडी असेल तर ती हवेत निघून जाते. वर पीव्हीसीचे झाकण घातले की ती कोंडते. हे पाणी काँक्रीटमधील क्षार घेऊन वर येते व क्षारयुक्त पाण्याने गोंद मऊ पडतो. त्यात आमचा नवा गोंद काँक्रीटला चिकटलाच नव्हता. तो चिकटला होता जुन्या, सैल झालेल्या गोंदाला. जो स्वतःच सुटत आहे त्याला धरून दुसरा किती काळ टिकणार? हुबळीच्या पूर्वेकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर पुरेसा मुरूम न घालता केलेली जमीन हलते, तिला तडे जातात आणि ओलीला आणखी वाट मिळते.

सन 2013 च्या चैत्र-वैशाखात आम्ही ते काम पुन्हा आणि यथासांग केले. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे होय.

प्रथम ऋतूचा विचार. पावसाळ्यात हे काम काढू नये. चातुर्मासात खोदकाम टाळण्याची आपली परंपरा आहेच. येथे व्यवहारही तेच सांगतो, कारण ओल्या दिवसांत उघडी केलेली जमीन वाळत नाही.

दुसरी गोष्ट ओळख पटविण्याची. कोपऱ्यातील हातभर तुकडा उचलून पाहावा. गोंद पांढुरका वा फिकट असून त्यावर गरम पाणी टाकल्यावर थोड्या वेळाने मऊ होत असेल, तर तो पाण्यात कालविलेल्या जातीचा. पिवळसर-तपकिरी असून ओढल्यास तंतू निघत असतील तर रबरी जातीचा. काळा असेल तर डांबरी. या तिसऱ्या जातीविषयी विशेष सावधगिरी हवी. विसाव्या शतकाच्या मध्यास नऊ किंवा बारा इंची चौरस, कडक अशा ज्या लाद्या निघत, त्यांत व त्यांखालील काळ्या गोंदात पुष्कळदा अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू डोळ्यांस दिसत नाहीत. श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि कर्करोगादी विकार कित्येक दशकांनंतर प्रकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरविले आहेत. जुन्या इमारतीत अशा लाद्या आढळल्यास त्या फोडू नयेत, घासू नयेत. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, अथवा त्या आहेत तशाच ठेवून वर नवी जमीन करावी. डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही, म्हणून संशय असेल तेथे ‘आहे’ असेच समजून वागावे.

तिसरी गोष्ट उचलण्याची. वखार पूर्ण रिकामी करावी. आच्छादन सबंध ओढण्याचा मोह धरू नये. धारदार सुरीने सहा ते आठ इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात व एकेक पट्टी बेताने गुंडाळीत काढावी. जेथे हट्ट धरील तेथे गरम हवा सोडणारे यंत्र वरून फिरवावे. द्रव्य नरम पडते व सुटते. मात्र ज्योतीचा उपयोग करू नये. पीव्हीसी जळाल्यास विषारी वायू निघतात. याच कारणास्तव काढलेले तुकडे थंडीत शेकोटीला वापरू नयेत; ते महानगरपालिकेच्या कचरागाडीच्याच स्वाधीन करावेत.

येथे आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. धान्याच्या दुकानात आच्छादनाखाली केवळ धूळ नसते. फटींतून गेलेला भुसा, तुटके दाणे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे सोंडकिडे व तांबडे किडे असतात. खपरा किड्याच्या अळ्या तर अन्नावाचून दीर्घकाळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, फटीत दडून राहू शकतात. सबब पट्टी उचलताच गरम पाणी ओतू नये. आधी मऊ कुंचल्याने सर्व हलकेच झाडून, थोड्या भुशासह धान्याच्या साठ्यापासून दूर, सावलीच्या जागी ठेवावे. यात अर्धा दिवस अधिक जातो. जयणा म्हणून हे करावेच. शिवाय किड्यांचे घर समूळ निघाल्याने पुढे साठ्यात औषध मारण्याचे प्रसंगही कमी येतात, असा आमचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट गोंदाची. पाण्याच्या जातीचा असेल तर जाड फडकी गरम पाण्यात भिजवून अर्धा तास पसरावीत आणि मग लांब दांड्याच्या पात्याने खरवडावे. रबरी असेल तर गरम हवेने नरम करून खरवडावे. डांबरी असेल तर याच्या उलट चालावे. तो उष्णतेने पसरतो व थंडीने ठिसूळ होतो. म्हणून पहाटेच्या गारव्यात, पाणी शिंपडून, ओल्यानेच खरवडावा. त्यात अॅस्बेस्टॉस नाही याची तपासणी मात्र आधी झालेली असावी.

येथे पुष्कळ लोक रॉकेल, पेट्रोल किंवा ॲसिड वापरतात. तिन्ही चुकीचे. रॉकेल गोंदाला पातळ करून छिद्रांत खोल नेते. वर जमीन स्वच्छ दिसते, पण नवा थर तेथे धरत नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, आणि आपल्या प्रत्येक पेढीत देवाजवळ दिवा तेवत असतो, हे विसरू नये. ॲसिड गोंदाला काही करीत नाही, ते सिमेंटला खाते. गोंद विरघळविणारी तयार रसायने मिळतात. परंतु त्यांपैकी डायक्लोरोमिथेन असलेली बंद खोलीत प्राणघातक ठरली आहेत. रंग काढण्याच्या अशा द्रव्यांच्या किरकोळ विक्रीस अमेरिकेत 2019 साली बंदी घालण्यात आली.

पाचवी गोष्ट घासण्याची. खरवडल्यावरही पातळ पापुद्रा उरतो. तो हिरकणीच्या चाकाच्या यंत्राने घासून काढावा लागतो. मात्र गोंद जाड असता यंत्र लावू नये. उष्णतेने तो वितळून चाकाला लिंपतो व चाक फुकट जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काँक्रीटमधील वाळू म्हणजे सिलिका, आणि तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही. खंभातचे अकीक घासणारे आणि मंदसोरचे पाटीची पेन्सिल कापणारे कारागीर याच सिलिकोसिसने जर्जर झाले. त्या रोगावर उपाय नाही. प्रतिबंध तेवढा हाती आहे. म्हणून घासकाम पाणी सोडीत करावे अथवा धूळ ओढून घेणारे यंत्र जोडावे, आणि कामगारास एन-95 जातीचा मुखपट्टा द्यावा. तोंडाला बांधलेला पंचा ही सूक्ष्म धूळ अडवीत नाही. मुखपट्ट्याचा खर्च मजुराच्या माथी मारू नये; तो मालकाचा आहे.

सहावी गोष्ट परीक्षेची. आपण धान्याची मूठ घेऊन पारख करतो, तशीच ही पारख. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते लवकर मुरले तर छिद्रे मोकळी आहेत, मोत्यासारखे उभे राहिले तर गोंद वा तेल अद्यापि शिल्लक आहे. लाकडी दांड्याने ठोकत जावे. पोकळ आवाज येईल तेथील भाग फोडून पुन्हा भरावा. शेवटी दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. सकाळी खाली दव जमलेले किंवा काँक्रीट काळवंडलेले दिसल्यास ओल येत आहे असे समजावे. अशा जमिनीवर पुन्हा हवाबंद आच्छादन घालणे म्हणजे पहिलीच चूक दुसऱ्यांदा करणे होय.

आता नवी जमीन कोणती करावी? सिमेंटचा थर करावयाचा असेल तर जुन्या काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करावे, धुवावे, ओले करावे, वर सिमेंटचे दाट पाणी फासावे आणि ते सुकण्यापूर्वीच थर घालावा. थर दीड इंचाहून पातळ नसावा. लहान चौकोनांत विभागून मध्ये काचेच्या पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे वेड्यावाकड्या भेगा पडत नाहीत. नंतर आळी करून निदान सात दिवस पाणी साठवावे. इपॉक्सीचा चकचकीत लेप हवा असल्यास जमीन पूर्ण कोरडी हवी, आणि काँक्रीट नवे असेल तर निदान 28 दिवसांचे असावे. परंतु गुळगुळीत जमीन दिसावयास सुंदर असली, तरी भुसा सांडलेला असता ती पाठीवर पोते असलेल्या माणसाची शत्रू ठरते. आम्ही विचारांती खडबडीत शहाबादीच पसंत केली. कोणतीही जमीन असो, पोती तिच्यावर थेट न थापता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून अंतर राखून रचावीत, हा नियम कायमच.

या सर्व कामास आम्हास सुमारे तीन आठवडे लागले आणि तितके दिवस पेढी बंद राहिली. त्या वेळी ते नुकसान वाटले. त्यानंतर दहांहून अधिक पावसाळे गेले. एकही फरशी हललेली नाही. आपण माल चाळल्यावाचून पोत्यात भरीत नाही, कारण खडा आत राहिला तर तो कोणाच्या तरी दाताखाली येणारच हे आपण जाणतो. जमिनीचेही तेच आहे. खाली दडपलेला दोष नाहीसा होत नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो, आणि बहुधा ज्याने तो दडपला त्याच्या पायाखाली न येता ओझे वाहणाऱ्याच्या पायाखाली येतो.

ते जुने हमाल आता ओझे उचलीत नाहीत. आमच्या वखारीत पोत्यांची मोजदाद ठेवतात. नवी जमीन झाली त्या दिवशी त्यांनी दाराशी खाली वाकून डाव्या हाताने फरशीची कड चाचपून पाहिली व काही न बोलता आत गेले. येत्या उन्हाळ्यात ज्या बंधूंचा जमीन बदलण्याचा विचार असेल, त्यांनी अंदाजपत्रकात चार दिवस जुने काढण्यासाठी अधिक धरावेत, एवढीच नम्र विनंती.

जयजिनेंद्र.