फुलपाखरू पकडणं : गुन्हा कुठे, गैर कुठे?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या परिशिष्ट एकमध्ये वाघ होता, हत्ती होता आणि डॅनॅइड एगफ्लाय नावाचं एक फुलपाखरूही होतं. ते दिसायला घनदाट जंगलातच जावं लागतं असं नाही. कुंपणाकडेला उगवलेल्या घोळीच्या भाजीवरही त्याची मादी अंडी घालून जाते. लाल अंगाचं, काळ्या पंखांचं क्रिमझन रोजही त्याच यादीत होतं. म्हणजे सुट्टीत जाळी घेऊन हिंडणारं एखादं पोर कागदोपत्री थेट वाघाच्या शिकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू शकत होतं. लोकांचे समज मात्र दोन टोकांचे. कुणी म्हणतं, किड्यामुंग्यांना कसला आलाय कायदा! कुणाला वाटतं, जाळी हातात दिसली की तुरुंग ठरलेला.

गैरसमज : कीटकांना वन्यजीव कायदा लागू होत नाही.

वस्तुस्थिती : होतो. २०२२ सालची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सहा परिशिष्टांची चार झाली आणि संरक्षित प्राण्यांच्या याद्या पहिल्या दोनांत नव्याने मांडल्या गेल्या. त्यांत फुलपाखरंही आहेत. जुनं पुस्तक उघडून ‘हे चालतं, ते चालत नाही’ ठरवणं म्हणूनच धोक्याचं. शिवाय कायद्याच्या लेखी ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. परिशिष्ट एकमधल्या जातीच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे.

‘मेलेलंच सापडलं, उचलून वहीत ठेवलं’ ही सबबही इथे टिकत नाही. यादीतला वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो.

गैरसमज : मग कुठलंही फुलपाखरू पकडणं हा गुन्हाच.

वस्तुस्थिती : तसंही नाही. यादीत नसलेली जात संरक्षित क्षेत्राबाहेर, समजा स्वतःच्या परसात, पकडली तर या कायद्यातली शिकारबंदी तिला लागू होत नाही. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात मात्र यादीचा प्रश्नच उरत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून अगदी साधं फुलपाखरूसुद्धा परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही.

खरी मेख ओळखण्यात आहे. डॅनॅइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते, त्या पानांतलं विष फुलपाखरात उतरतं आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या अंगात विष नाही, म्हणून तिने नुसता वेश उचलला आहे. तोच नारिंगी रंग, तीच काळी टोकं, तोच पांढरा पट्टा. मागचा पंख नीट पाहिला तरच फरक कळतो : प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्याजवळ तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या पंखावर फक्त वरच्या कडेला एक. उडताना हे ठिपके कोण मोजणार?

गैरसमज : संशोधनासाठी पकडलं तर चालतं.

वस्तुस्थिती : चालतं, पण परवाना आधी हातात असेल तर. कायद्याच्या कलम १२ खाली शिक्षण, शास्त्रीय संशोधन किंवा संग्रहालयासाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. परदेशी संशोधकांना २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही मंजुरी लागते.

२००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात चेक प्रजासत्ताकातल्या दोन कीटकतज्ज्ञांना विनापरवाना कीटक गोळा केल्याबद्दल अटक झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने पत्रं लिहिली. न्यायालयाने एकाला वीस हजार रुपये दंड केला, दुसऱ्याला तीन वर्षांची कैद सुनावली. तो दुसरा जामिनावर असताना देश सोडून निसटला. श्रीलंकेतल्या याला राष्ट्रीय उद्यानात २०२४ साली पकडलेल्या इटालियन बापलेकांकडे तर बरण्यांत भरलेले शेकडो कीटक निघाले. त्यांना सहा कोटी श्रीलंकन रुपयांचा दंड झाला.

गैरसमज : फुलपाखरं संपताहेत ती संग्राहकांमुळे.

वस्तुस्थिती : मोठा वाटा अधिवास जाण्याचा आहे. ब्रिटनमधल्या लार्ज ब्लूची कथा यासाठी मुळातून पाहावी. या फुलपाखराची अळी सुरुवातीला रानटी ओव्यासारख्या थाइमच्या फुलांवर जगते. मग एका विशिष्ट लाल मुंग्या तिला आपलं पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती तिथे मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. संग्राहकांना रोखायला १९३०च्या दशकात एका वस्तीभोवती कुंपण घातलं गेलं. संग्राहक थांबले, पण चरणारी जनावरंही बाहेर राहिली. गवत वाढलं आणि वस्ती संपली. पुढे १९५०च्या दशकात साथीच्या रोगाने ससे मेले, इतरत्रही गवत माजलं, सावलीने जमीन थंड पडली आणि ऊन लागणाऱ्या त्या मुंग्याच नाहीशा झाल्या. १९७९ साली ब्रिटनमधून लार्ज ब्लू नामशेष झालं. जेरेमी थॉमस यांनी मुंग्यांचं हे गणित उलगडल्यावर स्वीडनहून आणलेल्या फुलपाखरांपासून ते पुन्हा वसवता आलं.

याचा अर्थ संग्राहक निर्दोष असा मात्र नव्हे. साधारण जातीची मादी भरपूर अंडी घालते आणि त्यांतली बहुतेक पिल्लं कोळी, पक्षी आणि गांधीलमाश्यांच्याच तोंडी जातात, त्यामुळे चार फुलपाखरं गेल्याने तिचं फारसं बिघडत नाही. पण जिची एखाद-दुसरीच वस्ती उरली आहे, तिथे एकेक मादी मोलाची. पुन्हा वसवलेली लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल ब्रिटनमध्ये २०१७ साली एकाला सहा महिन्यांची स्थगित कैद झाली, ती याच कारणाने.

गैरसमज : काचेच्या चौकटीतलं फुलपाखरू विकत घेतलं तर आपला काय दोष?

वस्तुस्थिती : ते फुलपाखरू कोणतं आणि कुठून आलं, यावर ते ठरतं. पापुआ न्यू गिनीमधलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे जगातलं सर्वात मोठं फुलपाखरू. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये असल्याने त्याच्या व्यापारावर बंदी आहे. इतर बर्डविंग परिशिष्ट दोनमध्ये आहेत आणि त्यांचा व्यापार परवान्याने होतो. त्याच देशात १९७८ साली या व्यापारासाठी सरकारी संस्था उभी राहिली. गावकरी बागेच्या कडेला फुलपाखरांच्या आवडीच्या वेली लावत, त्यावर वाढलेल्यांतली काही विकत आणि बाकीची रानात सोडून देत. वेल तोडली की उत्पन्न बुडालं, म्हणून रान राखण्यात गावाचाच फायदा होता. दुसरं टोक अमेरिकेत दिसलं : क्वीन अलेक्झांड्रासारख्या संरक्षित जाती चोरून विकणाऱ्या एका जपानी व्यापाऱ्याला २००७ साली एकवीस महिन्यांची कैद झाली.

गैरसमज : आता कॅमेरा आहे, नमुन्यांची गरजच उरली नाही.

वस्तुस्थिती : ओळख, वावर आणि ऋतू यांच्या नोंदींसाठी फोटो पुरेसा ठरतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांच्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाला हौशी लोकांच्या फोटोंचा मोठा आधार आहे. पण काही छोट्या जाती जननेंद्रियांची तपासणी केल्याशिवाय वेगळ्या ओळखूच येत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या आणि झर्सीझ ब्लू हे फुलपाखरू १९४०च्या दशकात संपलं. ती स्वतंत्र जात होती, हे २०२१ साली सिद्ध झालं ते शिकागोच्या संग्रहालयातल्या ९३ वर्षं जुन्या नमुन्याच्या डीएनएवरून.

आणि कॅमेराही दरवेळी निरुपद्रवी नसतो. फुलपाखरू स्थिर बसावं म्हणून ते डबीत घालून फ्रीजमध्ये गारठवायचं, मग पानावर ठेवून फोटो काढायचा, असा उद्योग काही हौशी मंडळी करतात. जात यादीतली असेल तर डबीत घालणं हे कायद्याने पकडणंच झालं, फोटो कितीही सुंदर येवो.