न विकलेल्या भूमीची किंमत

पश्चिमेकडे पसरत जाणाऱ्या अमेरिकेला बंदुकीइतकाच कागदही उपयोगी पडला. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख सू जमातींचाच राहील आणि त्यांच्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या संमतीवाचून तो घेतला जाणार नाही, असे वचन १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने दिले. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये जेमतेम एक दशांश सह्यांच्या आधारे तो हिरावला गेला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. सू लोकांनी ती आजतागायत स्वीकारलेली नाही. जे विकलेच नाही, त्याची किंमत कशी घ्यावी? लुटीचा माल स्वतःपाशी ठेवून लुटणाऱ्याने मोजलेल्या पैशाला न्याय म्हणता येत नाही.