एका सायकलवरची दोघे

जानेवारी २०१७ मधील ती सकाळ दाट धुक्याची होती. शेरशाहच्या जुन्या राजमार्गावर, आज ज्याला राष्ट्रीय महामार्ग १९ म्हणतात त्या रस्त्यालगतच्या बिहारमधील एका गावातून दोन भावंडे एकाच सायकलवरून शाळेला निघाली होती. भाऊ सतरा वर्षांचा; मागे कॅरिअरवर चौदा वर्षांची बहीण. गाव महामार्गाच्या एका बाजूस, शाळा दुसऱ्या बाजूस. भुयारी मार्ग दोन किलोमीटर दूर, म्हणून सारे गाव दुभाजक फोडून केलेल्या वाटेनेच ये-जा करी. धुक्यातून आलेल्या मालमोटारीने धडक दिली आणि दोघेही जागीच गेली.

मी त्या वेळी विभागीय आयुक्त होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘साहेब, मृत्यूचे दाखले दोन मिळतील की एक?’’ घरातली दोन्ही मुले एकाच क्षणी गेली होती. त्यांच्या लेखी तो एकच आघात होता. शासनाच्या लेखी मात्र गुन्हा एक, शवविच्छेदने दोन, दाखले दोन. रिकाम्या झालेल्या घराची नोंद करणारा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता, आजही नाही.

कार्यालयात परतल्यावर मी त्या ठिकाणची फाइल मागवली. आदल्या पावसाळ्यात शाळेच्या मुख्याध्यापकांनी भुयारी मार्गासाठी पाठवलेला अर्ज तीत होता. त्यावर माझ्याच हस्ताक्षरातला शेरा होता : ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित.’ आणि त्याखाली संबंधित यंत्रणेचे उत्तर : सदर ठिकाण अपघातप्रवण स्थळाच्या निकषात बसत नाही.

निकष असा आहे : महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा झालेले पाच अपघात, अथवा दहा मृत्यू. एक अपघात आणि दोन मृत्यू यांनीही ती अट पूर्ण होत नव्हती. उत्तर नियमानुसार अचूक होते. दोष होता तो आधी मृत्यू मोजून मग उपाय करणाऱ्या पद्धतीत, आणि ते उत्तर वाचून फाइल मिटणाऱ्या माझ्यात.

नुकसानभरपाईचे गणितही तसेच. कमावत नसलेल्या व्यक्तीचे मानीव वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपये, हा १९९४ मधील आकडा तेव्हाही कायद्याच्या अनुसूचीत कायम होता. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख रुपयांची तरतूद केली आणि रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल सदोष असल्यास संबंधितांना एक लाखापर्यंत दंड ठेवला. हे पाऊल योग्यच. पण तेही मृत्यूनंतरचे.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत नऊ हजारांहून अधिक अठरा वर्षांखालील होती. एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के लांबीच्या राष्ट्रीय महामार्गांवर त्यांपैकी ३६ टक्के मृत्यू झाले. रस्ता रुंद करताना तो कोणते गाव चिरतो, त्या गावची शाळा कोणत्या बाजूस आहे, हे आराखड्यावरच दिसते. त्यासाठी दहा मृत्यूंची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेकडे जाणारी प्रत्येक रोजची वाट सुरक्षित ओलांडता येईपर्यंत महामार्ग वाहतुकीस खुला करू नये, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या मार्गावरच्या सरायांचे आणि अंतर दाखवणाऱ्या कोस मिनारांचे कौतुक आहे. तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी निदान वाटसरूला गृहीत धरले होते.

निवृत्तीनंतर त्या बाजूला जाणे झाले. भुयारी मार्ग आता तयार आहे. त्यावर फलक नाही. गावातले लोक त्याला ‘भाई-बहन पुलिया’ म्हणतात. शाळा सुटली होती आणि मुले सायकली हातात धरून खालून येत होती. वडिलांना भेटलो. ते म्हणाले, ‘‘साहेब, दाखले दोन मिळाले. पूल मात्र एकच आहे, तेच बरे.’’